विविधतेचं प्रशिक्षण: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांसाठी पायरीपायरीने

कोल्हापुरातल्या कारखानदारासमोर विविधता प्रशिक्षणाचा, म्हणजे वेगवेगळ्या जातिधर्मांच्या, भाषांच्या आणि भागांतल्या माणसांनी एका कारखान्यात बरोबरीने कसं वागायचं ते शिकवण्याचा, विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘आमच्यात तसलं काय न्हाई ओ, शाहू महाराजांचं गाव हे.’ वाक्य अभिमानाचं आहे आणि बरंचसं खरंही आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, मोहरमचे पंजे बसवण्यात हिंदू घरं आणि तालमी पुढे असतात. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले आणि फाळणीनंतर त्याच जागी आलेल्या सिंधी कुटुंबांनी गांधीनगरची बाजारपेठ उभी केली. सरमिसळ या गावाला नवी नाही.

पण शाहू महाराज भाषणावर थांबले नव्हते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने त्यांनी संस्थानच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उघडली. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून द्यायला मदत केली आणि लोक तिथे चहा प्यायला कचरतात म्हटल्यावर स्वतः जाऊन चहा प्यायले. माणसांची मनं बदलायची वाट न बघता त्यांनी नोकरीचा, राहण्याचा आणि खाण्यापिण्याचा व्यवहार बदलला. कारखान्यातलं प्रशिक्षणही याच कसोटीवर तपासावं. त्या दिवशी टाळ्या किती पडल्या याला फार किंमत नाही, पुढच्या महिन्यात कोणता नियम बदलला ते बघायचं.

हा लेख पन्नास ते तीनशे माणसांच्या युनिटसाठी आहे: फाउंड्री (धातूचं ओतकाम), मशीन शॉप, गारमेंट. हॉस्पिटल किंवा हॉटेल चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं चालेल. खर्च फार नाही. वेळ मात्र द्यावा लागतो आणि मालकांची खरी कुरकुर तिथेच असते.

पायरी १: जेवणाच्या सुट्टीत फेरी मारा

सुरुवात पॉवरपॉइंटपासून करू नका. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत कारखाना बघा. कोण कुणाजवळ बसतं? कॅन्टीनमध्ये कोण असतं आणि शेडच्या मागे सावलीत कोण? पाण्याच्या टाकीवर सगळे एकाच ग्लासाने पितात की कुणीतरी स्वतःची बाटली बाळगतं, आणि का? बायकांना शौचालयाला किती लांब जावं लागतं? सूचना फलक कोणत्या भाषेत आहे आणि त्याच्यासमोर उभं राहून तो खरोखर कोण वाचतं?

बहुतेक फाउंड्रींत चित्र साधारण सारखंच दिसेल. मोल्डिंग (साचे करणं) आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करणं) ठेकेदाराची बिहार, झारखंड, ओडिशाची पोरं, मशीन शॉपला आसपासच्या गावातली आयटीआय झालेली मुलं, ऑफिसात शहरातले पदवीधर. कोअर शॉप (साच्याच्या आतले वाळूचे गाभे करायचं खातं) किंवा पॅकिंगला बायका. निपाणी, चिकोडीकडून येणारे घरी कन्नड बोलतात आणि कामावर मराठी. म्हणजे खाती वेगळी, भाषा वेगळी आणि बऱ्याचदा पगार देणारा हातही वेगळा. तंटे या सांध्यांवर होतात.

नंतर एक छोटी माहिती गोळा करा. कोणती भाषा बोलता येते आणि कोणती वाचता येते, हे दोन वेगळे प्रश्न ठेवा. खाण्यात काय चालत नाही आणि वर्षातून कोणत्या सणाला सुट्टी अगदी हवीच, हेही विचारा. जात मात्र विचारू नका. ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून भरून घेतलेला असा रकाना चार दिवसांत सगळ्या शेडला पाठ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, घडलेले प्रसंग जमवा. तक्रारपेटी लावून ते मिळत नाहीत, लिहिता न येणारा माणूस पेटीत काय टाकणार? बायकांशी बाईने बोलावं. ठेकेदाराच्या माणसांशी ठेकेदार नसताना आणि त्यांच्या भाषेत बोलावं, जमलं तर खोलीवर जाऊन. आठदहा प्रसंग हाती आले की पुरे. फक्त नाव गाळून भागत नाही, कारण दोनशे माणसांत ‘एका खात्यातला एक हेल्पर’ म्हटलं तरी सगळे ओळखतात. त्यापेक्षा धंदाच बदला. फेटलिंगमधला प्रसंग हॉटेलच्या भटारखान्यात नेऊन सांगा, ऑफिसातला दवाखान्यात. मुद्दा तोच राहतो आणि माणूस उघडा पडत नाही.

पायरी २: आधी फोरमन, मग बाकीचे

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कामगारांना हॉलमध्ये बसवतात आणि सुपरवायझर दाराशी फोनवर उभे. कामगाराला कारखान्याचा अनुभव येतो तो मालकाच्या धोरणातून नाही, फोरमन आणि मुकादमाच्या तोंडातून. भट्टीसमोरचं काम कुणाला, ओव्हरटाइम कुणाला, सुट्टी कुणाची मंजूर आणि चूक झाल्यावर कुणावर चारचौघांत ओरडायचं, हे चार निर्णय रोज त्यांच्याच हातात असतात.

म्हणून सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज आणि ठेकेदाराचे मुकादम यांचं अर्ध्या दिवसाचं सत्र सगळ्यात आधी घ्या. मालकाने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसायचं. दीपप्रज्वलन करून निघून गेलेल्या मालकाने सगळ्यांना काय सांगितलं ते सगळ्यांना बरोबर कळतं.

या सत्रात व्याख्यान टाळून एकच काम करा. मागच्या तीन महिन्यांचं ओव्हरटाइमचं रजिस्टर आणि सुट्टीचे अर्ज टेबलावर ठेवा. सुपरवायझरांनीच आकडे काढायचे: जास्त ओव्हरटाइम कुणाला गेला? गावाकडचे किती, ठेकेदाराचे किती, बायका किती? कुणाचे सुट्टीचे अर्ज परत गेले? कुणाला दोष द्यायचा नाही, आकडा फळ्यावर लिहायचा आणि ‘असं का झालं असेल?’ एवढंच विचारायचं. कधी साधं, पटण्याजोगं कारण निघतं, जसं की त्या खात्यात ऑर्डरच जास्त होती. कधी खोलीत शांतता पसरते. त्या शांततेत लगेच बोलून ती मोडू नका.

पायरी ३: कायदा एका तासात, पण नेमका

कायद्याचा भाग लांबवला की डोळे मिटायला लागतात, आणि गाळला तर मालक अडचणीत येतो. तेव्हा नेमकं तेवढं सांगा.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या किंवा अधिक सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची, स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समितीच नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठेकेदाराकडून आलेली, रोजंदारीवरची आणि ट्रेनी महिलासुद्धा या कायद्यात येते. ‘ती आमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) न्हाई’ हे उत्तर चालत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कर्मचाऱ्यांसाठी जागृतीच्या कार्यशाळा नियमित घेणं ही याच कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे, म्हणजे प्रशिक्षणाचा हा भाग ऐच्छिक नाहीच.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, आणि कारखान्याच्या शेडमध्ये चारचौघं असतातच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो आणि खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण ठेवायला सांगतो. तृतीयपंथी व्यक्तींबाबतचा २०१९ चा कायदा नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यानुसार नोकरीसाठी त्या चाचणीची अट घालता येत नाही. सारख्या कामाला स्त्रीपुरुषांना सारखा पगार हे तर १९७६ पासून कायद्यात आहे. तरीही कोअर शॉपचा पगारपट एकदा या नजरेने चाळा.

बस्स. कलमांचे क्रमांक कुणाच्या लक्षात राहत नाहीत. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मात्र फलकावर मराठीत आणि हिंदीत लागलेच पाहिजेत.

पायरी ४: प्रत्यक्ष सत्र

एका सत्रात वीस ते पंचवीस जण, दीड तास, शिफ्टच्या वेळेत आणि पगारी. शिफ्ट सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीला बोलावलं, तर आदर शिकवायलाच तुम्ही माणसाचा वेळ फुकट घेतलात. खाती मिसळून बसवा. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही. ‘हिंदी सगळ्यांना कळती’ हे गृहीत धरू नका. ओडिशातून नुकत्याच आलेल्या मुलाला कामापुरती येते, मन मोकळं करण्याइतकी येत नाही. त्याच्याच गावचा जुना कामगार शेजारी बसवा आणि त्याला या कामासाठी तेवढा वेळ मोकळं ठेवा.

पहिल्या पायरीत जमवलेले प्रसंग इथे वापरायचे. दोघातिघांनी प्रसंग करून दाखवायचा, बाकीच्यांनी ‘इथे मी असतो तर काय म्हटलं असतं’ ते सांगायचं. कोल्हापूरचा माणूस नाटकाला लाजत नाही. विषय तुमच्या कारखान्याप्रमाणे निवडा, पण काही इथे हमखास निघतात.

*आडनाव.* ‘कुठलं गाव? आडनाव काय म्हणायचं?’ हा आपल्याकडे गप्पांचा पहिला धागा. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पाहुणा निघतो का एवढंच बघायचं असतं. पण ज्याला आडनावामुळे खोली नाकारली गेली आहे, त्याला हा प्रश्न आपली तपासणी वाटतो. म्हणून आडनाव सांगायचं टाळणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. मुलाखतीत तर हा प्रश्न कामाचा नाहीच. अर्जावर नाव असतंच, ‘म्हणजे कोणातले?’ हे पुढचं शेपूट तोडायचं.

*शिव्या.* यावर वेळ घालवाच. कोल्हापुरात शिवी ही दोस्तीची पावती आहे आणि बाहेरच्या प्रशिक्षकाने ‘अपशब्द वापरू नयेत’ अशी स्लाइड लावली की अख्खा हॉल हसतो. हसू द्या, मग प्रश्न टाका: तुम्ही हेल्परला जे म्हणता ते तो तुम्हाला उलट म्हणू शकतो का, आणि म्हणून संध्याकाळी नोकरी शाबूत ठेवून घरी जातो का? जातो, तर दोघे बरोबरीचे आहात, तुमचं तुम्ही बघा. नाही, तर ती दोस्ती नाही. त्यातही आई-बहीण आणि जात आली की कितीही जवळचा मित्र असो, कामाच्या जागी थांबायचं. शेजारच्या मशीनवरची बाई ते ऐकत असते आणि तिला ‘तुला नव्हतं म्हटलं’ असं सांगून उपयोग नसतो. ‘भावा’, ‘मर्दा’, ‘लेका’ यांवर कुणी बंदी आणत नाही, आणि तेही वापरून पुरेसा राग काढता येतो.

*‘ए भैया’.* उत्तरेत भैया म्हणजे भाऊ. आपल्या शेडमध्ये त्या हाकेत काय असतं ते हाक मारणाऱ्यालाही ठाऊक आहे. उपाय साधा: सगळ्यांच्या शर्टावर देवनागरीत मोठ्या अक्षरात पहिलं नाव. सत्रात सगळ्यांकडून एकमेकांची नावं तोंडाने म्हणवून घ्या. शेजारच्या माणसाने मध्ये काय बोलायचं तेही पाठ करून घ्या, कारण ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. ‘नाव हाय की त्याला, नावानं हाक मार’ एवढं हसत म्हटलं तरी पुष्कळ. प्रमाण मराठीतलं लांबलचक वाक्य शिकवू नका, शेडमध्ये ते कुणी म्हणणार नाही.

*डबा आणि पाणी.* बुधवारी, रविवारी मटण नाही असं घर इथे शोधावं लागतं, आणि त्याच गावात जैन, लिंगायत घरंही मोठ्या संख्येने आहेत. शाकाहारी माणसाला वेगळी पळी हवी असणं रास्त आहे. ‘त्यांच्या टेबलाला बसायचं नाही’ ही मात्र मागणी रास्त नाही. हा फरक समोर मांडा. पदार्थ वेगळे ठेवता येतात, भांडी वेगळी ठेवता येतात, माणसं वेगळी ठेवायची नाहीत. मुस्लिम कामगार तांबडा रस्सा का घेत नाही हे त्याला रोज विचारण्यापेक्षा मटण कुठून येतं, हलाल आहे का, ते कॅन्टीनच्या फळ्यावर लिहा. पिण्याचं पाणी सगळ्यांना एकाच ठिकाणी, ग्लास सगळे सारखे. यावर चर्चा ठेवायची नाही, हा नियम जाहीर करायचा.

बायकांच्या बाबतीत सत्रापेक्षा सोयी जास्त बोलतात: शौचालय, कपडे बदलायची खोली, शेवटच्या शिफ्टला घरापर्यंत गाडी. दिव्यांग सहकाऱ्याच्या बाबतीत तेच. कीव करू नका, मशीनची उंची बघा. तृतीयपंथी सहकाऱ्याचा विषय निघाल्यावर हॉलमध्ये खुसखुस होते. तिथे प्रशिक्षकाने शांतपणे सांगावं की ती व्यक्ती जे नाव सांगेल ते वापरायचं आणि शरीराबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही.

पायरी ५: भट्टीजवळची भाषा

हा मुद्दा विविधतेच्या पाठ्यक्रमांत फारसा दिसत नाही, फाउंड्रीत मात्र तो पहिला हवा. वितळलेल्या लोखंडाची लॅडल (ओतायचं मोठं भांडं) वरून जाताना एकाने ‘सरक!’ म्हटलं आणि दुसऱ्याला ते कळलं नाही, तर अपघात होतो. सगळ्या खात्यांना बसवून धोक्याचे पाचसहा शब्द ठरवा: थांब, सरक, खाली घे, वर घे, आग. प्रत्येकाला एकच शब्द आणि एकच हाताची खूण, मग तो शब्द मराठी असो वा हिंदी. चित्रांसह फलक लावा आणि सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत) म्हणून घ्या. जो मालक बाकी कशाला तयार होत नाही तो याला लगेच होतो, तेव्हा गरज पडली तर कारखान्यात शिरायचं दार म्हणून हीच पायरी आधी घ्या.

पायरी ६: महिन्याच्या आत निदान एक नियम बदला

सत्रांतून मागण्या येतील. सगळ्या पुऱ्या होणार नाहीत, पण एखादी लगेच करा आणि कुठल्या सत्रातून आली ते जाहीर सांगा.

सुट्ट्यांपासून सुरुवात बरी पडते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सुट्टी हवी म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही. छठला किंवा ईदला मागितली की ‘ऑर्डर हाय’ म्हणतात. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते आणि बिहारला जायलाच दोन दिवस मोडतात, म्हणजे त्या माणसाला एक-दोन दिवसांची सुट्टी काही उपयोगाची नाही. ठरावीक सणांच्या सुट्ट्यांपैकी दोन-तीन ज्याच्या त्याच्या पसंतीच्या ठेवा आणि रजा साठवून एकदम घेऊ द्या. वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा लिहून घेतल्या तर उत्पादनाचं नियोजनही सोपं जातं. ओव्हरटाइम पाळीपाळीने देऊन यादी फलकावर लावणं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त कामाचे निरोप ठेवणं, पगाराची चिठ्ठी कामगाराला वाचता येईल अशा भाषेत देणं, हे बदलही फुकटात होणारे आहेत.

तक्रारीला निदान दोन वाटा असू द्या आणि त्यातली एक फोरमनला वळसा घालून जाणारी. तक्रारीचं पुढे काय झालं, हे तक्रार करणाऱ्याला पंधरा दिवसांत सांगायचंच.

पायरी ७: तीन महिन्यांनी वही उघडा

‘सत्र आवडलं का?’ असा फॉर्म भरून घेण्यात अर्थ नाही, चहा-बिस्किटं चांगली असली तरी होच येतं. दुसऱ्या पायरीतली रजिस्टरं पुन्हा काढा. ओव्हरटाइमची वाटणी बदलली का? पहिल्या महिन्यातच सोडून जाणारी माणसं कमी झाली का, आणि ती कोणत्या खात्यातली? तक्रारी वाढल्या असतील तर घाबरू नका. आधी बोलत नव्हते ते आता बोलायला लागलेत. शून्य तक्रारींचा कारखाना दिसला तर मात्र पुन्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत फेरी मारा.

नवीन माणसं दर महिन्याला येतात, ती वार्षिक सत्राची वाट बघत थांबू शकत नाहीत. पहिल्या दिवशी हेल्मेट आणि बूट देताना दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगा: धोक्याचे शब्द, नावाने हाक मारायचा नियम, तक्रार कुणाकडे करायची. आणि ठेकेदाराच्या करारात एक कलम घाला, की त्याच्या मुकादमाने सुपरवायझरांचं सत्र केल्याशिवाय त्याची माणसं गेटच्या आत येणार नाहीत. करार नव्याने होताना घातलं तर ठेकेदार फार खळखळ करत नाही. मध्येच घालायला गेलात तर रेट वाढवून मागतो.